चेंबूरच्या गच्चीवर धूळ आणि वारा एकत्र मोजताना: एका हिवाळ्याच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

सोसायटीच्या गच्चीवर पीएम २.५ (म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) मोजायचं यंत्र बसवायला घेतलंय. प्रश्न साधा आहे. आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी पहाटे सहाला फिरायला बाहेर पडतात. हिवाळ्यात ही वेळ त्यांच्या छातीला बरी की वाईट? सरकारी केंद्राचा आकडा मोबाइलवर दिसतो, पण आमच्या इमारतीच्या पश्चिमेला पुनर्विकासाचं मोठं काम चालू आहे आणि उत्तरेला हमरस्ता. दूरच्या केंद्रावरचा आकडा आमच्या गल्लीला जसाच्या तसा लागू पडेल, याची खात्री कोण देणार?

वारा मोजायची सोय पहिल्या दिवसापासून सोबत हवी, हे सुरुवातीलाच ठरवलं. नुसता धुळीचा आकडा हातात आला तर ती धूळ कुठून आली ते कळत नाही, आणि मग ज्याला जो नकोसा आहे त्याच्यावर तो ढकलतो.

साहित्य आणि खर्च: धुळीचा एसडीएस०११ सेन्सर २,४०० रुपये. नोंदी घेणारा वायफायचा छोटा संगणक, म्हणजे ईएसपी३२ बोर्ड, ४८०. तापमान, आर्द्रता आणि दाबासाठी बीएमई२८०, ३५० ला. फिरत्या वाट्यांचा वेगमापक आणि दिशेचा बाण यांचा जोड ऑनलाइन ६,२०० ला. ४ इंची पीव्हीसीचे दोन एल्बो, क्लॅम्प, केबल मिळून ७०० च्या आसपास. सगळ्यात महाग वाऱ्याचा जोड आहे आणि बरेच जण तोच गाळतात. कृपया गाळू नका. पैसे कमी असतील तर महिनाभर थांबून घ्या.

सेक्रेटरी काकांची परवानगी लेखी घेतली. गच्चीवर काहीही लावायचं असेल तर हे आधी करा.

१३ ऑक्टोबर

आठवडा दोन गोष्टींत गेला.

पहिली: बीएमई२८० म्हणून जो तुकडा मिळाला तो बीएमपी२८० निघाला. तो तापमान आणि दाब देतो, आर्द्रता देत नाही. पाटीवर नाव बीएमईचंच छापलेलं होतं. ओळखायची खूण अशी: बीएमईचं चकचकीत धातूचं डबडं चौकोनी असतं, अडीच बाय अडीच मिलिमीटर, बीएमपीचं थोडं लांबट, दोन बाय अडीच. प्रोग्राममधून चिपचा ओळख क्रमांक वाचला तर बीएमई हेक्समध्ये (संगणकाच्या सोळा अंकी पद्धतीत) ६० सांगतो, बीएमपी ५८. दुकानातच भिंग घेऊन बघा. बदलून मिळाला, वर २०० रुपये गेले. आर्द्रतेचा आकडा नसेल तर मुंबईत हे सगळं काम वाया आहे, कारण पुढे येईलच.

दुसरी: दिशेच्या बाणाची तार ज्या पिनेला लावली होती ती वायफाय सुरू झालं की मुकी व्हायची. ईएसपी३२ मध्ये व्होल्टेज मोजणारे दोन गट असतात आणि त्यातला दुसरा वायफाय वापरतं. तार पहिल्या गटातल्या ३४ नंबरच्या पिनेवर घेतली आणि प्रश्न सुटला. बाणाच्या आत आठ चुंबकी स्विच आणि वेगवेगळे रेझिस्टर असतात, त्यातून १६ दिशांची १६ व्होल्टेज मिळतात. त्यातली काही एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की कागदावर दिलेल्या तक्त्यावर भरवसा ठेवता येत नाही. बाण हाताने एकेका दिशेला धरून स्वतःचा तक्ता लिहून काढला.

२० ऑक्टोबर

आज चढवलं. आधी कठड्याला बांधून पाहिलं, कारण तिथे हात पोचतो. बाण गोल गोल फिरत राहिला. काठीला लोकरीचा धागा बांधून कठड्याजवळ धरला तर धागा सरळ वर उडत होता. भिंतीवर आपटलेला वारा कठड्यावरून उसळी मारतो आणि मागे भोवरा धरतो. तिथे मोजलेली दिशा इमारतीची असते, वाऱ्याची नसते. शेवटी प्लंबर दादांकडून पाण्याच्या टाकीच्या वर १० फुटी जीआय पाइप उभा करून घेतला. पाइप आणि मजुरी १,३००. हवामान खात्याच्या पद्धतीत वारा मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर मोजतात. आपल्याला तसं मैदान मिळणार नाही, पण निदान टाकी आणि लिफ्टच्या खोलीच्या डोक्यावरून वारा मोकळा लागला पाहिजे.

उत्तर दिशा लावताना मोबाइलचं होकायंत्र कामाचं नाही. टाकीच्या स्लॅबमधल्या सळ्या आणि पाइप मिळून सुई हवी तिकडे ओढतात. आम्ही सावली वापरली. मुंबईत या दिवसांत सूर्य दुपारी १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो. त्या क्षणी ओळंब्याची सावली खडूने आखली, ती रेघ खरी उत्तर. बाणाचं तोंड त्या रेघेवर लावून क्लॅम्प आवळला. ही वेळ वर्षभर बदलते, तेव्हा आपापल्या तारखेची आणि गावाची काढून घ्या.

धुळीचा सेन्सर मात्र वर नेला नाही. तो दोन एल्बोंच्या पोटात, तोंड खाली करून, गच्चीच्या दाराजवळ सावलीत आहे. श्वास घेण्याच्या उंचीजवळ, म्हणून.

३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन १ तारखेला होतं. कच्चा आकडा (यंत्र देतं तोच, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर) रात्री दहानंतर ३०० च्या वर गेला, याचं आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. फटाक्यांचा आवाज मध्यरात्रीनंतर थांबला, पण आकडा सकाळी साडेनऊपर्यंत २०० च्या खाली आला नाही. त्या सगळ्या तासांत वाट्या जवळजवळ फिरल्याच नाहीत. उन्हं वर चढली, वाट्या फिरायला लागल्या आणि दीड तासात आकडा निम्म्यावर आला. धूर निर्माण व्हायचा थांबला होता, तो न्यायला कुणी नव्हतं.

१० नोव्हेंबर

आज आर्द्रतेचं पाहिलं. ही नोंद लांब आहे, पण किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी पूर्ण वाचा.

पहाटे पाच ते सात आमचा आकडा सातत्याने ११० ते १३०. त्याच तासांना जवळच्या सरकारी केंद्राचा आकडा ५५ ते ६५. दुपारी मात्र दोघांचं बरंचसं जुळतं. सेन्सर बिघडला असता तर दुपारीही चुकला असता.

कारण असं: हा सेन्सर लेझरचा प्रकाश कणांवर टाकतो आणि विखुरलेला प्रकाश मोजतो. वजन तो करत नाही. मुंबईच्या हवेत समुद्री मिठाचे कण भरपूर असतात, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, कण थेंबासारखे फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सरला धूळ वाढल्यासारखी वाटते. एसडीएस०११ च्या माहितीपत्रकातच ७० टक्के आर्द्रतेची मर्यादा दिली आहे. आमच्या गच्चीवर पहाटे ८५ सहज असते. सरकारी केंद्रांत बीटा किरणांवर चालणारी जी यंत्रं असतात, ती आत येणारी हवा आधी तापवून कोरडी करतात. म्हणून ती फसत नाहीत.

दुरुस्ती हिशेबाने करता येते. आर्द्रता दशांशात घ्यायची (८५ टक्के म्हणजे ०.८५). १ ला तिने भागायचं आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करायचा. कण किती पाणी ओढतात त्याचा एक गुणांक असतो, मी ०.४ धरला, त्याला १.६५ ने भागायचं. हा दुसरा आकडा भागिले पहिला, अधिक १, हा झाला भाजक. ८५ टक्क्यांना भाजक २.३७ येतो, म्हणजे ११८ चे ५० होतात. ६० टक्क्यांना १.३६, म्हणजे तेच ११८ तिथे ८७ ठरतात. एकच कच्चा आकडा आणि दोन अगदी वेगळ्या हवा!

९० टक्क्यांच्या वरच्या नोंदी मी सरळ बाद करते. ९५ ला भाजक साडेपाचच्या पुढे जातो आणि एवढ्या मोठ्या संख्येने भागून आलेल्या उत्तराला अर्थ उरत नाही. ०.४ हा गुणांक सगळीकडे चालणार नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मीठ नाही, तिथे कमी लागेल. ज्यांना जमेल त्यांनी सरकारी केंद्राच्या आकड्यांशी ताडून आपला गुणांक ठरवावा.

या दुरुस्तीने आमची पहाट एकदम स्वच्छ झाली असं मात्र समजू नका.

२४ नोव्हेंबर

तासाची सरासरी दिशा काढायचा प्रोग्राम बदलला. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही उत्तरेचेच वारे. साधी सरासरी १८०, म्हणजे दक्षिण. रात्री उशिराचे सगळे आलेख यामुळे उलटे दिसत होते. आता प्रत्येक नोंदीचे साइन आणि कोसाइन, वेगाने गुणून, वेगळे बेरजेला घेते आणि शेवटी त्यातून कोन काढते.

त्याहून महत्त्वाचं, 'शांत' हा वेगळा रकाना केला. या वाट्या साधारण ताशी ३ किलोमीटरच्या खाली फिरतच नाहीत. वारा पडला की बाण शेवटच्या दिशेला तसाच उभा राहतो आणि प्रोग्राम इमानेइतबारे तीच दिशा लिहीत बसतो. दहा मिनिटांत वाट्यांची एकही फेरी झाली नाही तर आता दिशा लिहिली जात नाही. जुन्या नोंदींना हा नियम लावल्यावर आधी 'वायव्येकडून येणारी घाण' म्हणून जे दिसत होतं त्यातलं बहुतेक गळून पडलं. ती हवा कुठूनच आलेली नव्हती. संध्याकाळचा समुद्रवारा पडला तेव्हा बाण वायव्येला होता, एवढंच.

८ डिसेंबर

रात्री अकराला तिसऱ्या मजल्यावरचे काका दार वाजवत आले. "वास येतोय बघ गॅससारखा. तुझं मशीन काय म्हणतं?" वास खरंच उग्र होता, माझेही डोळे चुरचुरत होते. मशीन म्हणत होतं ३४.

काकांना गच्चीवर नेऊन समजावलं. हे यंत्र फक्त कण बघतं. वायू त्याला दिसतच नाही: सल्फर डायऑक्साइड नाही, बेंझीन नाही, कुजक्या वासाची गंधकयुक्त संयुगं नाहीत. तेल आणि रसायनांच्या कारखान्यांशेजारी वसलेल्या चेंबूर-माहुलसारख्या भागात ही फार मोठी उणीव आहे. आकडा चांगला म्हणून हवा चांगली, असं या यंत्राच्या जोरावर कुणालाही सांगू नये. मी तसा कागद छापून आमच्या नोटिस बोर्डावर आकड्यांच्या शेजारी कायमचा लावला.

वासाची वही मात्र सुरू केली. वास आला की वेळ लिहायची, दिशा आणि वेग यंत्रातून घ्यायचा. यासाठी सेन्सर लागत नाही, माणसांची नाकं आणि बाण पुरतो. काका आता नियमाने लिहितात.

२२ डिसेंबर

धुळीच्या आलेखात रोज रात्री दोननंतर बारा-पंधरा मिनिटांचे उंच सुळके. तासाच्या सरासरीत ते पार बुडून जातात, मिनिटाच्या नोंदीतच दिसतात. वारा शांत, त्यामुळे दिशाही नाही. एका रात्री जागून गच्चीवरून पाहिलं. पश्चिमेच्या बांधकामावरचे रखवालदार शेकोटी करत होते: प्लायवूडचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, थर्माकोल.

सकाळी खाली जाऊन बोलले. "ताई, रातभर उघड्यावर बसतो, काय करणार?" त्यांचं खरंच आहे. कंत्राटदाराने त्यांना खोली द्यायला हवी. सोसायटीने वर्गणी काढून एक विजेचा हीटर दिला, १,१५० रुपयांना, आणि कंत्राटदाराच्या माणसाने वायर ओढून दिली. सुळके त्या रात्रीपासून बंद. या सगळ्या कामात खर्चाच्या मानाने सर्वात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर या हीटरचा.

५ जानेवारी २०२५

गेल्या आठवड्यात महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्वेकडची बांधकामं हवेच्या कारणावरून थांबवली. साहजिकच आमच्याकडे विचारणा सुरू झाली: पश्चिमेच्या बांधकामाची धूळ तुझ्या आकड्यांत दिसते का?

दिसत नाही. आणि हे आधीच लिहून ठेवायला हवं, कारण बरेच जण नेमके याचसाठी हा सेन्सर घेतात. स्वस्त लेझर सेन्सर बारीक धूर चांगला पकडतो. सिमेंट-मातीची जाड धूळ त्याच्या बारीक नळीपर्यंत नीट पोचत नाही, आणि पोचली तरी तो ती कमी मोजतो. त्याच्या पीएम १० च्या (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या) रकान्यावर मी विसंबत नाही. खिडक्यांच्या चौकटीवर बोटाने रेघ ओढता येईल इतका थर दोन दिवसांत बसतो आणि यंत्राचा पीएम १० जेमतेम हलतो.

म्हणून जुनी पद्धत घेतली. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या (५० चं खोकं १२० रुपये), त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, आणि गच्चीच्या चारही बाजूंना सारख्या उंचीवर उभ्या बांधल्या. तीन दिवसांनी उतरवून पांढऱ्या कागदावर ठेवल्या. पूर्वेची पट्टी जवळजवळ पारदर्शक. उत्तरेची काळसर, तेलकट, रस्त्याची. पश्चिमेची राखाडी, आणि भिंगाखाली टोकदार, चमकणारे कण दाटीने बसलेले. बोटाने चोळलं तर रवाळ लागतं. मोबाइलने चारही पट्ट्यांचे फोटो एका ओळीत काढले. सोबत त्याच तीन दिवसांतल्या वाऱ्याचे तास जोडले: दुपारी बारा ते सहा, पश्चिम-वायव्य, ताशी ८ ते १४ किलोमीटर.

ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले आहेत. भोवती उंच पत्रे, माती-राडारोड्यावर पाणी मारणं, गाड्यांची चाकं धुणं हे त्यात आहे. फोटो आणि वाऱ्याचा तक्ता घेऊन आम्ही आधी साइटच्या सुपरवायझरकडे गेलो, तक्रार घेऊन वॉर्डात नंतर जाऊ म्हणून सांगितलं. पाणी आता सकाळी मारतात. दुपारी मारायला हवं, वारा तेव्हा सुटतो. हे दुसऱ्या फेरीत समजावलं.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज सकाळी वाट्यांचा वेग शून्य आणि बाण नैऋत्येला ठप्प. वर चढले तर दांड्याला मांज्याचे वेढे पडलेले. कात्रीने कापून काढला, हातमोजे घालून. तो नायलॉनचा होता आणि बोट सहज कापलं असतं. एका वाटीला तडा गेलाय, इपॉक्सी लावली. कालच्या दुपारनंतरचा सगळा वारा बाद करावा लागला. पुढच्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी वाट्या उतरवून ठेवीन.

२ फेब्रुवारी

डिसेंबर-जानेवारीचा हिशेब पुरा झाला. सगळे आकडे आर्द्रतेची दुरुस्ती केलेले, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

सकाळी सहा ते नऊ: सरासरी ८८. दुपारी तीन ते सहा: ४१. आपल्याकडचं चोवीस तासांचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. म्हणजे दुपारही काही निर्मळ नाही, पण सकाळच्या निम्म्याहून कमी.

सर्वात वाईट तास 'शांत' रकान्यात सापडतात. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवा जड होऊन बसते आणि वरची थोडी उबदार हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी राहते. रात्रभराचा धूर त्या उथळ थरात साचतो, त्यात सकाळची रहदारी भर घालते. समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरक पुरेसा झाला की समुद्रवारा सुटतो आणि हे सगळं हलतं. आमच्याकडे जानेवारीत तो साडेबारा-एकच्या आधी क्वचितच पोचला. पूर्वेचा वारा जोरात असलेल्या दिवशी तर तीन वाजले, आणि त्या दिवशी सकाळचा जडपणा दुपारपर्यंत रेंगाळला. रात्री उशिरा खाडीकडून येणारा पूर्व-ईशान्येचा मंद वारा आकडा फारसा खाली आणत नाही. तो जमिनीवरूनच, वस्त्या आणि रस्ते ओलांडून येतो.

समुद्राकडचा वारा म्हणजे नेहमी स्वच्छ, असाही नियम नाही. २३ जानेवारी २०२२ ला वायव्येकडून वाळवंटी धूळ थेट समुद्रावरून मुंबईवर आली होती, ते इथल्या अनेकांना आठवत असेल.

सरकारी केंद्राशी तासागणिक ताडून पाहिलं: दुरुस्तीनंतर आमचा आकडा बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या आत. फरक उरतो तो अंतराचाही असेल. २०२०-२१ मध्ये आयआयटी कानपूर आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुंबईत स्वस्त सेन्सर सरकारी यंत्रांच्या शेजारी लावून तपासले होते. तशी शेजारी-शेजारी तुलना ज्यांना मिळेल त्यांनी सोडू नये.

ज्येष्ठ मंडळींपुढे आलेख ठेवला. काहींनी वेळ संध्याकाळी साडेचारवर नेली. काही जण म्हणाले, पन्नास वर्षांची सकाळची सवय आता मोडणार नाही. त्यांना निदान हमरस्ता सोडून मागच्या बागेतून फिरायला सांगितलंय, आणि दम्याचा त्रास असलेल्या दोन आजी आता सकाळी घरातच व्यायाम करतात. एवढ्यासाठीच हे मांडलं होतं.

१६ मार्च

समुद्रवारा आता अकराच्या सुमारास येतो आणि सकाळचे आकडेही उतरलेत.

देखभाल: धुळीच्या सेन्सरच्या तोंडात कोळ्याने जाळं केलं होतं, चार दिवस आकडा खोटा कमी येत होता. तोंडाला जाळीचा तुकडा लावलाय. फार बारीक जाळी लावू नका, ती धूळ धरते. वेगमापकाच्या बेअरिंगला खाऱ्या हवेने गंज धरलाय, हलक्या वाऱ्यात वाट्या आधीपेक्षा उशिरा सुटतात. सेन्सरच्या लेझरचं आयुष्य सुमारे ८,००० तास सांगतात, म्हणजे अखंड चालवला तर वर्षही नाही. मी डिसेंबरपासून रोज रात्री बारा ते पाच वगळता बाकी वेळ तो पाच मिनिटांत एकदाच जागा करते. रात्री अखंड ठेवलाय, सुळके पकडायला.

आतापर्यंतचा एकूण खर्च हीटर धरून १३,००० च्या घरात.

मेच्या शेवटी सगळं उतरवणार. पावसाळ्यात इथे आर्द्रता इतकी असते की बहुतेक नोंदी ९० च्या वर जाऊन बादच होतील, आणि पाऊस हवा धुतोही. त्या चार महिन्यांत बेअरिंग बदलायचं, केबलच्या जोडांना सिलिकॉन भरायचं. गोवंडीतल्या एका शाळेच्या शिक्षिकेला त्यांच्या गच्चीवर असंच लावायचंय. काचपट्ट्यांचं उरलेलं खोकं आणि बाणाचा व्होल्टेजचा तक्ता त्यांना दिला. त्यांचा बाण वेगळ्या बनावटीचा निघाला तर तक्ता नव्याने करावा लागेल, तेही तक्त्यावरच लिहिलंय.